नऊ सिलेंडरचे सुभेदार

राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी माझी ओली साडी पडवीतल्या एका लोखंडी वस्तूवर वाळत घातली. वस्तू गोल होती, बैलगाडीच्या चाकाहून थोडी लहान, आणि तिला चहूबाजूंनी जाड जाड हात फुटले होते. साडी वाळत घालायला इतकी सोयीची वस्तू मी आजवर कुठल्या भाड्याच्या घरात पाहिली नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सिस्टर, त्यो दोर न्हवं. शनी हाय त्यो."

वळून पाहिलं तर घरमालक उभे. खाकी हाफपँट, पांढरा बनियन, कडक इस्त्रीची टोपी आणि हातात ट्रकला मारतात तसलं लांब हँडल. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. शनी म्हणजे काय, हे विचारायच्या आत त्यांनी माझी साडी घडी करून माझ्याच हातात दिली, हँडल त्या लोखंडात खुपसलं आणि जोर लावून फिरवायला सुरुवात केली. आतून एखादा जाडा माणूस कण्हत कूस बदलतोय असा आवाज आला.

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, मला हाक मारली. "बाई, तुमी चा प्यायला या. त्येंची पूजा चाललीया. लवकर न्हाई उरकत ती."

मी त्या गावात नर्स होते. गाव लोणंदच्या पूर्वेला, एस्टीनं तासाभराच्या अंतरावर, पाणी बेताचं आणि माळ भरपूर. माझे मिस्टर सांगलीला नोकरीत होते. मी महिन्यातून दोनदा तिकडे जायची, बाकीचे दिवस सुभेदारांच्या दोन खोल्यांत. गाव मला बाई म्हणायचं, सुभेदार मात्र सिस्टर म्हणायचे. लष्करी इस्पितळाची सवय. मी सांगलीला निघाले की ते एक चिठ्ठी हातात ठेवायचे. तिच्यात तांब्याचे वायसर, रबरी नळी, ग्रीस असलं काहीतरी असायचं, कारण सांगलीच्या वर्कशॉपांत सगळं मिळतं अशी त्यांची श्रद्धा होती. माझ्या मिस्टरांनी चार वर्षांत माझ्यासाठी जेवढे गजरे आणले नसतील तेवढे वायसर सुभेदारांसाठी आणले.

ती पडवीतली वस्तू म्हणजे रणगाड्याचं इंजिन होतं. नऊ सिलेंडरचं, डिझेलवर चालणारं. सुभेदार तरुणपणी लढाईत रणगाडा चालवत, नंतर पलटणीत इंजिनं दुरुस्त करत. पेन्शन घेऊन घरी आल्यावर एकदा काकींनी त्यांना पुण्याच्या बाजाराला म्हैस आणायला धाडलं. तिथं जवळच लष्करी भंगाराचा लिलाव चालला होता. पुढचं काकींच्याच तोंडून ऐकावं.

"लोनंदच्या टेशनावर मालगाडीतनं उतरलं आनि बैलगाडीनं आलं. आख्खं गाव बघाय. मी इचारलं, आवं, म्हस कुठाय? म्हनाले, ही काय. नऊ सडांची."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, पिळा मग."

नऊ सिलेंडरांना सुभेदारांनी नवग्रहांची नावं दिली होती. साध्या इंजिनात सिलेंडर रांगेत उभे असतात, परेडमधल्या जवानांसारखे. यात ते गोल करून बसलेले, आणि सगळ्यांचा जोर मधल्या एकाच दांड्यावर. सगळ्यात वरचा सूर्य. तळातले दोघं राहू आणि केतू. हे दोघे बदमाश. कारण इंजिन उभं असलं की आतलं तेल झिरपत झिरपत खाली उतरतं आणि या दोघांच्या डोक्यात साचतं. तसंच चालू केलं, तर तेल काही दबत नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिन कायमचं बसतं. म्हणून आधी हातानं फिरवून बघायचं. कुठं अडलं तर जोर करायचा नाही, साचलेलं तेल काढून टाकायचं, मगच पुढे.

इथपर्यंत ठीक होतं. पण सुभेदार हा नियम सगळ्या जगाला लावायचे. एस्टीचा ड्रायव्हर सकाळी गाडी चालू करताना दिसला की हे खिडकीशी जाऊन विचारणार, "हातानं फिरवलीसा का?" ड्रायव्हर म्हणायचा, "आवं सुभेदार, बटन हाय ह्येला." झोपेतून उठल्यावर ते स्वतःचे दोन्ही हात खांद्यापासून गोल फिरवत, मान फिरवत, मगच पहिला शब्द बोलत. आमच्या गल्लीत नवीन लग्न झालेलं जोडपं पहिल्या आठवड्यातच कडाकडा भांडलं, तेव्हा नवऱ्या मुलाला त्यांनी पडवीत बोलावून इंजिनासमोर बसवलं. "रातभर डोस्क्यात साचतं गड्या. सकाळी उठल्या उठल्या बोलायचं न्हाई. आदी जरा फिरून यायचं." पोरगा रोज सकाळी माळावर फिरून यायला लागला. भांडणं थांबली की नाही ते मला माहीत नाही, पण त्याचं पोट सुधारलं, हे मी नर्स म्हणून सांगू शकते.

माझ्यावर त्यांची मर्जी बसली ती एका इंजेक्शनमुळे. पटकीची साथ आली होती आणि मी चावडीपुढे टेबल मांडून सगळ्या गावाला टोचत होते. सुभेदार शिस्तीत रांगेतून आले, बाही वर केली, पण डोळे माझ्या सुईवर. मी सुई उभी धरली, दट्ट्या थोडा दाबला, हवा जाऊन औषधाचा एक थेंब वर आला. सुभेदार एकदम खूश.

"शाब्बास सिस्टर! हवा काढली."

"काढावीच लागते."

"तेच म्हंतोय मी. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा ऱ्हायला की इंजिन हुबं ऱ्हातं. मानसाच्या नळीत ऱ्हायला की मानूस आडवा हुतो. इद्या एकच." मग मागच्या रांगेकडे वळून मोठ्यानं, "भिऊ नगा रं! बाई मेकॅनिक हायत!"

त्या दिवशी रांगेतून चारसहा जण पळून गेले. पण तेव्हापासून सुभेदार माझ्याशी बरोबरीनं बोलायला लागले आणि मला इंजिनाचा सगळा पूर्वेतिहास ऐकावा लागला. असलं गोल डिझेल इंजिन आधी म्हणे विमानासाठी केलं होतं, परदेशात. डिझेल स्वस्त, कमी लागायचं, विमान लांब जायचं. पण धुराचा वास इतका, की उतरल्यावर प्रवाशांच्या कपड्यांना महिनाभर तोच वास. शेवटी विमानवाल्यांनी नाद सोडला. मग रणगाडेवाल्यांनी घेतलं, कारण रणगाड्यात बसणाऱ्याला कपड्यांची काळजी नसते.

"मग रणगाडेवाल्यांनी का सोडलं?" मी विचारलं.

"त्येंनी सोडलं म्हनूनच मला मिळालं," सुभेदार म्हणाले. वाईट वाटल्याचं चिन्ह नाही.

डिझेलवरच एवढा जीव का, हे त्यांनी एकदाच सांगितलं. कशावरून विषय निघाला ते आठवत नाही. मी भाजी निवडत होते, ते वायसर घासत होते. "पेट्रोलच्या रनगाड्याला गोळा लागला की गाडी पेटायची. आतल्यास्नी भाईर पडाय येळ मिळायचा न्हाई. आमची डिझेलची हुती. गोळा लागला, भोक पडलं, डिझेल नुसतं गळालं. आमी चौघं भाईर आलो." वायसर आणखी एकदा घासला आणि म्हणाले, "शेजारची पेट्रोलची हुती." मग वायसर डोळ्यासमोर धरून त्यातून उजेड बघितला आणि चहा मागितला.

काकींना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना इंजिनाचा राग नव्हता, ते काही करत नाही याचा होता. "बैल पेंड खातो पर नांगर वढतो. ह्ये मेलं तेल खातं आनि बसतं," असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. हँडल रोज फिरायचं, पण इंजिन चालू करायचं तर त्याला काडतूस लागायचं, बंदुकीचं असतं तसलं. ते एका खोबणीत घालायचं, उडवायचं आणि त्याच्या धक्क्यानं इंजिन फिरायचं. ही काडतुसं सुभेदारांकडे मोजकीच उरली होती आणि ती देवघरात एका डब्यात असत. वाया घालवायची नाहीत, योग्य काम आलं की वापरायची. योग्य काम काही येत नव्हतं. विहिरीवर लावायला ते फार दांडगं, पिठाच्या गिरणीला लावलं असतं तर जात्यासकट गिरणी उडाली असती. उसाच्या चरकावर चालेल असं सुभेदार म्हणायचे, पण आमच्याकडे ऊस नव्हता.

गावचे सरपंच तरुण होते, टेरिलीनचा शर्ट घालून फटफटीवरून हिंडायचे. पडवीसमोरून जाताना न चुकता विचारायचे, "काय सुभेदार, भंगार काय म्हंतंय?" सुभेदारांना शिवी चालायची, भंगार हा शब्द चालायचा नाही. एकदा काकींनी खरोखरच लोणंदचा भंगारवाला बोलावला. सुभेदारांनी त्याला घोंगडीवर बसवलं, चहा दिला आणि सूर्यापासून सुरुवात केली. गुरूपर्यंत आले तेव्हा भंगारवाला उठला आणि काकींना म्हणाला, "मावशी, मी गरीब मानूस हाय. मला जाऊ द्या."

दुष्काळाची वर्षं सरली आणि त्यानंतर शाळूचं, म्हणजे हिवाळी जोंधळ्याचं, पहिलं बरं पीक आलं. त्याआधी गावानं लाल मिलो, रेशनवर मिळणारं परदेशी धान्य, खाल्ली होती. ती खाऊन मुलांची पोटं फुगायची आणि आया माझ्याकडे यायच्या. माझ्याकडे पोटदुखीच्या गोळ्या होत्या, जोंधळा नव्हता. त्यामुळे त्या वर्षी माळावर एकाला एक लागून खळी पडली, कणसं मळून झाली, तेव्हा मलासुद्धा उगाच तिकडून चक्कर टाकावीशी वाटायची.

मळणी झाली की जोंधळा आणि भुसकट एकत्र ढिगात असतं. ते वेगळं करायला वारा लागतो. वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच घडवंचीवर, उभं राहून सुपातून धान्य खाली सोडायचं. वाऱ्यानं भुसकट बाजूला उडतं, दाणे सरळ खाली पडतात. आमच्या माळावर एरवी दुपारचा वारा असा सुटायचा की डोक्यावर पदर ठरायचा नाही. नेमका त्या वर्षी पडला. पान हलेना. आणि पश्चिमेला रोज ढग जमायला लागले. आज वाईकडे गारा पडल्या, काल शिरवळला पडल्या, अशा बातम्या एस्टीबरोबर यायच्या. भुसकटासकट जोंधळा भिजला की काळा पडतो, त्याला कोंब येतात, खायच्या कामाचा राहत नाही. गावाचं वर्षाचं अन्न उघड्यावर पडलं होतं आणि सगळा गाव तोंड वर करून बसला होता.

दुपारी जेवताना काकी करवादून म्हणाल्या, "त्या तुमच्या धोंड्याला मागं येवढा मोठा पंखा हाय. त्येला म्हनावं, वारं तरी घाल."

पंखा होता खरा. इंजिन गार ठेवायला पाणी लागायचं नाही, मागच्या चाकाला पाती होती, त्यांच्याच वाऱ्यावर ते गार व्हायचं. काकींनी टोमणा मारला आणि ताक वाढायला वळल्या. सुभेदारांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाला नमस्कार केला, उठले, देवघरात गेले आणि डबा घेऊन बाहेर आले.

"आवं, जेवा की!"

"काम आलं," सुभेदार म्हणाले आणि चप्पल न घालताच सुताराकडे गेले.

सुतारानं इंजिन लाकडी बैठकीसकट तासाभरात बैलगाडीच्या साट्यावर, म्हणजे चौकटीवर, आवळून बसवलं. धुराड्याला पत्र्याची पन्हळ जोडली, धूर दुसरीकडे जावा म्हणून. ज्यांच्या विहिरींवर पंप होते त्यांनी कॅनमधून डिझेल आणलं. गाडी माळावर पोचली तेव्हा सगळा गाव खळ्यांवर होता आणि ढग कालच्याहून जवळ होते.

"पयला मान सरपंचांचा," सुभेदारांनी जाहीर केलं. "मग ज्येची रास ल्हान त्यो आदी. आमची शेवटाला."

"शेवटाला कशापायी?" काकी उसळल्या. "इंजान आपलं, काडतूस आपलं!"

"आदी जवान जेवतो, मग सुभेदार. कायदा हाय."

"माझ्या खळ्यावर कसला वो कायदा?"

सुभेदारांनी हँडल लावलं. अर्धा फेरा झाला आणि हँडल अडलं. राहूत तेल. ते शांतपणे खाली बसले, पाना काढला आणि तळच्या सिलेंडरचा नोझल खोलायला लागले. ढग गडगडला. सरपंच आपल्या ढिगाशी सूप घेऊन उभे होते, त्यांना धीर धरवेना.

"आवं सुभेदार, द्या की ठोका! पाऊस थांबनार हाय व्हय?"

"पाऊस न्हाई थांबनार. पर दांडा वाकला तर इंजान कायमचं थांबंल."

"भंगारच हाय ते, सांगत हुतो मी."

सुभेदारांनी मानसुद्धा वर केली नाही. काळं तेल धारेनं मातीत सांडलं. नोझल परत बसवला, नळीतली हवा काढली, माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग हँडलनं सगळे ग्रह एकदा, दुसऱ्यांदा फिरवले. कुठं अडलं नाही. काडतूस घातलं, सगळ्यांना मागे सारलं आणि ठोका दिला.

फुस्स झालं. काडतूस दमट होतं. देवघरात रोज निरांजन लावलं तरी पावसाळ्याची ओल जायची तिथं जातेच. काकी पदर तोंडाला लावून हसल्या, तसं सगळं गाव हसलं. सुभेदारांचा चेहरा मात्र मी जवळून पाहिला. मी बाळंतिणींच्या नवऱ्यांचे चेहरे पाहिलेत दाराबाहेर, तसला होता. त्यांनी दुसरं काडतूस घातलं. टोपी सारखी केली.

या वेळी बार असा उडाला की शेरडं दावी तोडून पळाली. निळ्या धुराचा लोट उठला, त्यात सुभेदार दिसेनासे झाले, आणि त्या लोटातून आधी दोन ग्रह बोलले, मग चार, मग सगळे नऊ एका सुरात. माळ थरथरायला लागला. दात वाजत होते, ते भीतीनं की जमिनीमुळे ते कळेना. आणि वारा! सरपंचांच्या ढिगाशी वावडीवर चढलेला त्यांचा भाऊ सुपासकट खाली उतरला, तो पायऱ्यांनी नव्हे. सरपंचांचं भुसकट उडालं, त्याच्यामागून जोंधळा उडाला, त्याच्यामागून टोपी उडाली. निम्मी रास शेजारच्या गव्हात जाऊन पडली.

"कमी करा! कमी करा!" सरपंच ओरडत होते. ते ओठांवरून कळलं, ऐकू काहीच येत नव्हतं.

सुभेदारांनी हातानं नाही म्हटलं. नंतर मला सांगितलं, की नऊजणांना एकदम हळू चालायला लावलं की ते अडखळतात, आणि बंद पडलं असतं तर पुढच्या काडतुसाची खात्री नव्हती. इंजिन हलणार नव्हतं, तेव्हा माणसांनीच हलायला हवं होतं. पण किती?

मी काकींच्या हातात सूपभर जोंधळा दिला आणि खुणेनं मागे जायला सांगितलं. काकी मागे सरकत सुपातून दाणे सोडत राहिल्या, आणि तोंडानं सुभेदारांचा उद्धार चालू ठेवला. पदर उडतोय, केस सुटलेत, दाणे लांब पडताहेत, ओठ हलताहेत. आणखी मागे. आणखी मागे. मग एका जागी मला अचानक काकींचा आवाज ऐकू आला, "...म्हस आनली असती तर निदान..." मी खाली बघितलं. दाणे त्यांच्या पायाशी पडत होते, भुसकट पलीकडे चाललं होतं.

"इथं!" मी ओरडले. "वावड्या इथं लावा!"

जिथं काकींचं बोलणं ऐकू यायला लागलं तिथं वारा बरोबर होता. सुतारानं तिथं खुंटी ठोकली. त्या खुंटीच्या रेषेत एकेक घर आलं, वावडी लागली, सुपं वर चढू लागली. बायका पाट्या भरून देत होत्या, पुरुष वरून सोडत होते, पिवळ्याधमक राशी पडत होत्या. लोकांनी पोती भरली, डोक्यावरून, सायकलवरून, बैलांवरून घरी नेली. सुभेदार इंजिनाशी उभे, एक हात त्याच्या अंगावर, ताप बघावा तसा. अधूनमधून डिझेल ओतायचे. कुणी भाकरी आणून दिली ती त्यांनी उभ्यानं खाल्ली. चेहरा पूर्ण काळा, दात तेवढे पांढरे.

संध्याकाळच्या आत शेवटून दुसरी रास निघाली. सुतार सुभेदारांच्या ढिगाशी वावडी ठेवत होता, तेव्हा पहिला थेंब पडला. आणि पाठोपाठ सगळं आभाळ. आम्ही घोंगड्या, ताडपत्री, पोती, जे हाताला लागलं ते ढिगावर टाकलं, पण खालून पाणी शिरलंच. सुभेदारांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की पावसाचाच आवाज मोठा वाटला. सगळ्या गावाचा जोंधळा घरात होता आणि त्यांचा चिखलात.

काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. काकी बोलत असताना मी कैकदा कानात कापूस घालून बसले होते, पण त्या दोन दिवसांइतकं ते घर मला कधी अवघड गेलं नाही. भिजलेल्यातला जो बरा वाटला तो जोंधळा त्यांनी चुलीपाशी पसरला. दळून भाकरी केली ती काळपट झाली. ती त्यांनी सुभेदारांच्या ताटात वाढली. सुभेदारांनी खाल्ली, मागून घेतली, आणि "बरी लागतीया," एवढं म्हणाले. काकींनी भांडं आदळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. पाटीत जोंधळा. "सुभेदार, वाऱ्याचं बलुतं घ्या," म्हणाली. तिच्यामागून आणखी एक बाई आली, मग एक गडी पोतं घेऊन. खळ्यावर रास निघाली की सुताराला, लोहाराला, न्हाव्याला त्यांच्या कामाबद्दल धान्याचा वाटा मिळायचा, ते बलुतं. गावानं त्यात वाऱ्याची भर घातली होती.

सुभेदार लालेलाल झाले. "बलुतं? मी काय बलुतेदार हाय व्हय? सरकार पेन्शन देतंय मला! घेऊन जावा त्ये!"

काकी आतून धावत आल्या. दोन दिवसांचं मौन तिथल्या तिथं सुटलं. "का म्हनून घेऊन जातील? कनग मोकळी हाय माझी! ठेव गं म्हातारे, हितं ठेव."

"न्हाई घ्यायचं म्हंजी न्हाई घ्यायचं!"

पाटी दारातच, म्हातारी मधे उभी. तेवढ्यात सुतार आला, त्याच्याही हातात जोंधळ्याची पिशवी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पायरीवर बसला.

"सुभेदार, मला बलुतं मिळतंय, माज्या बाला मिळत हुतं. त्येच्यात तुमास्नी कमीपना वाटतोय व्हय?"

सुभेदार गडबडले. "तसं न्हवं रं. गाव सोताचं म्हनून केलं मी. मोल कशाला?"

"आवं, गाव तमाशा बघतंय, भजन ऐकतंय, त्येला बलुतं देत न्हाई. बलुतं देतंय ते कामाला. ज्येच्यावाचून अडतंय त्येला. आता घेतलं तर फुडच्या साली वारं पडलं की गाव तुमच्या दारात ईल. न्हाई घेतलंसा तर काय, एकदा मजा झाली. सरपंच म्हंत्यात ते मग खरं."

"काय म्हंत्यात?"

"तुमास्नी ठावं हाय काय म्हंत्यात ते."

सुभेदार पडवीत जाऊन इंजिनाकडे पाठ करून बसले. काकींनी इकडे भराभर पाट्या रिकाम्या करून घ्यायला सुरुवात केली, येईल त्याला चहा पाजला आणि शेवटी सुताराला दोन कप पाजले. संध्याकाळपर्यंत धान्य साठवायची कणग गळ्यापर्यंत आली. त्या जोंधळ्याला डिझेलचा किंचित वास होता. गावभर सगळ्यांच्याच भाकरीला तो वर्षभर राहिला. त्याला किडा लागत नाही, असं सुभेदार पुढे अभिमानानं सांगायचे, आणि ते खरं होतं असं मलाही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सरपंचांच्या भावजयीला तपासायला निघाले, तर सुभेदार म्हणाले, मीपण येतोय. अंगात इस्त्रीचा खाकी गणवेश, छातीवर पदकं, पायात बूट, आणि काखेत काकींची धान्य मोजायची लाकडी पायली. रस्त्यानं ते परेडला निघाल्यासारखे चालत होते.

सरपंच ओट्यावर दाढी करत होते. सुभेदार अंगणात टाचा जुळवून उभे राहिले आणि पायली त्यांच्यापुढे ठेवली.

"वाऱ्याचं ऱ्हायलंय तुमचं."

सरपंच साबणाच्या तोंडानं हसायला लागले. "आवं सुभेदार, काय चेष्टा लावलीया? माजी निम्मी रास गव्हात उडाली की!"

"उडाली का न्हाई?"

"उडाली म्हंजे काय, टोपी अजून सापडली न्हाई!"

"मग वारं हुतं. टाका पायली."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी भावजयीचा रक्तदाब बघायचा म्हणून आत निघाले. मागून सरपंचांचा हसण्याचा आवाज आला, मग पोत्याची दोरी सोडल्याचा, मग दाणे लाकडात पडल्याचा. दारातून वळून बघितलं तेव्हा पायली काठोकाठ भरली होती आणि सरपंच तिच्यावरून हात फिरवून ती सपाट करायला निघाले होते. सुभेदारांनी त्यांचा हात धरला आणि काठाच्या वर दाण्यांचा ढीग चढवून पुरती शीग लावून घेतली.